कुत्रीला पान लागलं, त्या रात्रीची आणि नंतरची हकीकत

आमच्या चिंगीला १७ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि ती वाचली. त्या रात्री गाडीत बसून मी मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का शोधत होते. माणसांना साप चावला तर काय करावं यावर भरपूर होतं, कुत्र्यांबद्दल मला काहीच मिळालं नाही. म्हणून जे जसं घडलं तसं, वेळा आणि खर्चासकट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल इथे जे आहे ते आमच्या डॉक्टरांनी समजावलेलं आणि माझ्यासमोर झालेलं आहे. तुमच्या कुत्र्याला काय आणि किती द्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आमची वाडी देवगड तालुक्यात, तळेबाजारच्या पुढे. मागे कातळाचा सडा, पुढे हापूसची कलमं. आदल्या रात्री कोजागिरी झाली होती, पावसाने उघडीप दिली होती आणि भात कापणीला आलं होतं. याच दिवसांत आमच्याकडे जनावरं, म्हणजे साप, जास्त दिसतात. भातामागे उंदीर येतात, उंदरांमागे ती. परसात नव्या न्हाणीघरासाठी आणलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग होता. चिंगी गावठी आहे, चार वर्षांची, चौदा किलो वजनाची. साडेसहाच्या सुमाराला ती त्या ढिगात नाक घालून हुंगत होती, ती एकदम केकाटली आणि मागे उडाली.

साप कुणालाच दिसला नाही. दिसला तो वरच्या ओठावर उजवीकडे रक्ताचा एक थेंब. पुसला की परत येत होता. दहाएक मिनिटांत गाल सुजायला लागला आणि ती पुढच्या पायाने तोंड घासू लागली. सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "पान लागला काय गो तिका?" माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्याही मनात तेच होतं.

पहिलं काम केलं ते गळ्यातला पट्टा काढायचं. चावा तोंडावर असेल तर सूज गळ्याकडे उतरते. एरवी पट्ट्याखाली माझी दोन बोटं सहज जातात, तेव्हा एकच जात होतं आणि बक्कल मागच्या भोकातून सुटायला तयार नव्हतं. थोडा वेळ गेला असता तर तो कापावाच लागला असता. मग तिला उचलून चादरीवर ठेवलं. तिला चालू दिलं नाही, कारण हालचाल वाढली की विष लवकर पसरतं. शेजारचे तात्या गाडी काढायला धावताना ओरडून तेच सांगत होते, "तिका चलाक देव नको!" निघताना वेळ कागदावर लिहून घेतली. पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो किती वाजता चावलं हाच.

तेवढ्यात अंगणात माणसं जमली. कुणी म्हणालं दोरी आवळून बांधा, तोंडावर ती बांधणार कुठे? कुणी ब्लेडने चीर द्यायला सांगितलं, कुणी तूप पाजायला. शेजारच्या गावात झाडपाल्याने विष उतरवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे न्या, असंही दोघातिघांनी कळवळून सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण माणसाला पान लागलं तर आता याच वाडीतलं कुणीही १०८ ला फोन करतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांसारख्यांनी विंचू-सापाच्या उपचारांत आयुष्य घातलं, त्या कोकणात माणसासाठी हॉस्पिटल आणि मुक्या जनावरासाठी झाडपाला हे मला पटत नाही. झाडपाल्याने बरं झाल्याच्या गोष्टी खऱ्या वाटतात, कारण पुष्कळ चावे बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असं जनावर काहीही दिलं तरी जगतं आणि नाव पाल्याचं होतं. चिंगीचा गाल मात्र डोळ्यांदेखत वाढत होता. कापणं, चोखणं, बर्फ लावणं, पोटॅशियम परमँगनेट चोळणं यातलं काहीही करू नये. तोंड सुजलेल्या कुत्र्याला तूप किंवा हळदीचं दूध पाजलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्यांतल्या काही रक्तस्राव वाढवतात, काही कुत्र्याच्या यकृताला आणि किडनीला सोसत नाहीत.

साप शोधायला चिरे उपसावेत असंही चाललं होतं. तात्यांनी ते थांबवलं. अंधार पडत आलेला, त्यात दुसऱ्या कुणाला चावलं तर आणखी एक रुग्ण. शिवाय वेळ जातो तो वेगळाच. आधीच समोर दिसत असेल तर लांबून फोटो काढावा, बस.

गाडी सुरू झाल्यावर फोन सुरू केले. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ संपलेली होती, पण लसीकरणाच्या वेळी तिथल्या डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवला होता आणि त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. माझ्या मते चिंगी वाचली ती त्या फोनमुळे. ते म्हणाले, "इथे थांबू नका. माझ्याकडे सर्पविषाचं इंजेक्शन नाही. कणकवलीला जा, मी तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून ठेवतो." कुत्र्याला पान लागलं की बहुतेक जण जवळच्या दवाखान्यात धावतात आणि तिथून पुढे पाठवलं जातं. तसं करू नका. निघतानाच फोनवर एकच प्रश्न विचारायचा: 'सर्पविषप्रतिबंधक सिरम आत्ता तुमच्याकडे आहे का, किती कुप्या आहेत?' नसेल तर पुढचा नंबर. कुणाचाच नंबर नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे.

शिरगाव, नांदगाव तिठा, मग महामार्गाने कणकवली. तासाभराचा रस्ता. चिंगीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मान सरळ राहील असं मी धरून बसले होते, म्हणजे श्वास अडकणार नाही. डावा डोळा उघडा, उजवा सुजेने मिटलेला. नाकातून रक्त येऊ लागलं तेव्हा मला रडू आवरेना. मुंबईहून नवऱ्याचा फोन आला. दोन वाक्यं बोलून मी तो ठेवला, कारण बॅटरी वाचवायची होती. चार्जर गाडीत हवाच, हे त्या रात्री कळलं.

पावणेआठला पोचलो. डॉक्टर दारातच उभे होते. आधी हिरड्या बघितल्या, श्वास मोजला, पापण्या खाली पडताहेत का ते बघितलं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर काम करतं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. मण्यारच्या चाव्याला तर सूज किंवा वेदना जवळजवळ नसतेच, त्यामुळे सकाळी कुत्रा लटपटताना दिसला की मगच घरच्यांना कळतं. घोणस आणि फुरसे यांचं विष रक्तावर जातं. चावल्या जागी मोठी सूज येते आणि रक्त गोठेनासं होतं. चिंगीची लक्षणं दुसऱ्या प्रकारची होती.

मग त्यांनी जी चाचणी केली ती मला सगळ्यांना सांगाविशी वाटते, कारण तिला ना मशीन लागतं ना साप. पायाच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घेतलं. अशा वेळी मानेतून घेत नाहीत, तिथला रक्तस्राव दाबून थांबवता येत नाही. ते एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडमध्ये उभी ठेवली. वीस मिनिटं हात लावायचा नाही, हलवायची नाही. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकवर रक्त तसं गोठत नाही. साबणाचा अंश राहिला असेल तरीही निकाल चुकतो. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहिले. वीस मिनिटं झाल्यावर डॉक्टरांनी नळी तिरकी केली. चांगलं रक्त अशा वेळी गोळा होऊन तळाला धरून बसतं. चिंगीचं रक्त कोकमाच्या आगळासारखं काठापर्यंत वाहत आलं.

"सिरम द्यायचं," ते म्हणाले आणि संमतीपत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की या औषधाने तीव्र ॲलर्जी होऊ शकते आणि जिवाला धोका आहे याची मला कल्पना दिली आहे. सही करताना हात थरथरत होता. हे औषध घोड्यांच्या रक्तातून तयार होतं. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचत नेतात, त्याच्या शरीरात विषाविरुद्धची द्रव्यं तयार होतात, ती काढून शुद्ध करतात. मुंबईची हाफकिन संस्था हे काम पिढ्यानपिढ्या करत आलीय. विष येतं ते मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. घोड्याचं प्रथिन कुत्र्याच्या शरीराला परकं, म्हणून ॲलर्जीची भीती. आपल्याकडे मिळणारं सिरम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालतं, म्हणून साप नक्की कुठला हे कळलं नाही तरी उपचार अडत नाहीत. आंबोलीकडच्या घाटातल्या रानांत चापडा सापडतो, त्याचं विष मात्र या चारांत धरलेलं नाही. घाटाजवळ राहणाऱ्यांनी एवढं डॉक्टरांना आवर्जून सांगावं की चावा कुठल्या भागात झाला.

डॉक्टरांकडे दोनच कुप्या होत्या. आणखी पाच लागतील असा अंदाज धरून त्यांनी चिठ्ठी लिहिली. लेटरहेडवर स्वतःचा नोंदणी क्रमांक, तारीख, 'रुग्ण: चिंगी, कुत्री, १४ किलो', खाली माझं नाव. "रात्री दोनला लागली तर दुकान उघडं नसेल, सगळ्या आत्ताच आणा." तात्या गेले. पहिल्या मेडिकलमध्ये नव्हतं. दुसरं दुकान माणसांच्या हॉस्पिटलला लागून, तिथे होतं, पण दुकानदार कुत्र्यासाठी द्यायला कचरत होता. रात्री एखादा माणूस आला तर काय, असं त्याचं म्हणणं. त्याचं म्हणणं मला आजही रास्तच वाटतं. शेवटी त्याने आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, आपल्यापुरता साठा मागे ठेवून पाच कुप्या दिल्या. एक कुपी साडेसातशेच्या आसपास पडली. बिल स्वतःच्या नावाने घ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स जवळ ठेवा, दुसऱ्या वेळी पुन्हा लागते.

कुपीत पांढरी भुकटी असते. त्यात निर्जंतुक पाणी घालून विरघळवायची. घाईने हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं, म्हणून कुपी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. दोन कुप्या डॉक्टरांनी केल्या, दोन माझ्या हातात दिल्या. भुकटीचा शेवटचा ढेकूळ विरघळेपर्यंत तळवे फिरवत राहायचं, त्याला पाचसहा मिनिटं लागतात आणि त्या रात्री ती संपत नव्हती. चारही कुप्या सलाइनमध्ये मिसळून ठिबक सुरू झालं, आधी अगदी सावकाश. ॲलर्जी उठली तर द्यायचं ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार होतं. मी विचारलं, एवढ्या लहान कुत्रीला चार कुप्या जास्त नाहीत का? डॉक्टर म्हणाले, "ताई, सापाने विष सोडताना तिचं वजन बघितलं नाही. औषध विषाच्या मापाने लागतं. सलाइन किती, ते मात्र तिच्या वजनाप्रमाणे."

वीसेक मिनिटांनी तिच्या कानांच्या आतल्या बाजूला गांधी उठल्या, अंग थरथरलं आणि तिने उलटी केली. ठिबक ताबडतोब बंद, ॲड्रेनलिन दिलं. पाऊण तास थांबून पुन्हा सुरू केलं, आणखी सावकाश. या वेळी तिने ते सोसलं. म्हणूनच हे इंजेक्शन घरी, गोठ्यात किंवा गाडीत कुणी द्यायचं म्हणालं तर देऊ देऊ नका. ॲलर्जी आवरायची तयारी असेल तिथेच ते द्यायचं.

पुढची चाचणी सहा तासांनी. शरीराला रक्त गोठवणारी द्रव्यं नव्याने तयार करायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी बघण्यात अर्थ नाही. दवाखान्यात माणसाला झोपायची सोय नव्हती. तात्या गाडीत झोपले, मी टेबलाशेजारी स्टुलावर. लघवीचा रंग बघत राहायला सांगितलं होतं, लाल किंवा चहासारखी गडद झाली तर लगेच उठवायचं. पहाटे चारला पुन्हा नळी. या वेळी अर्धवट गोळा झाला होता, हलवला की तुटत होता. उरलेल्या तीन कुप्या तेव्हा गेल्या. तात्यांनी रात्रीच आणल्या नसत्या तर आम्ही तिथे नुसते बघत बसलो असतो.

सकाळी दहाला नळी उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. डॉक्टर हसले, मी मात्र तेव्हा रडले. नाकातलं रक्तही थांबलं होतं.

यानंतरचा भाग सगळे विसरतात, तो म्हणजे किडनी. सापाच्या विषाने आणि रक्तदाब खाली गेल्याने किडनीवर ताण येतो आणि तो दोनतीन दिवसांनी दिसतो, कुत्रा शेपूट हलवत असताना. आमच्या डॉक्टरांकडे मशीन नव्हतं, म्हणून नमुना घेऊन मी पॅथॉलॉजी लॅब शोधत फिरले. एका ठिकाणी प्राण्याचं रक्त घेत नाही म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे घेतलं, फक्त फॉर्मवर 'प्राणी' असं मोठ्या अक्षरांत लिहून द्या म्हणाले. रिपोर्टवर छापलेली सामान्य पातळी माणसांची असते, ती वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन पहिल्या दिवशी १.३ होतं, तिसऱ्या दिवशी १.९ झालं. सलाइन आणखी दोन दिवस चाललं. आठवड्याने १.२ वर आलं.

शनिवारी घरी आणलं, रोज सलाइनला तळेबाजारपर्यंत नेत होतो. तिथे सरकारी डॉक्टरांनी कणकवलीच्या डॉक्टरांची कागदं बघून उपचार पुढे चालू ठेवले. केसपेपर नवा निघाला, पण जुने कागद जोडून ठेवल्याने कुठली इंजेक्शनं झालीत ते सारखं सांगावं लागलं नाही. दंडात-मांडीत टोचायची इंजेक्शनं रक्त नीट गोठेपर्यंत टाळायला सांगितली होती, स्नायूत रक्त साचतं म्हणून. दहाएक दिवसांनी हनुवटीखालची कातडी रुपयाएवढी काळी पडून गळली. ती जागा रोज धुऊन ड्रेसिंग, आणि पाय लावू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर. सुरुवातीला चावता येत नव्हतं, तेव्हा सासूबाई पातळ पेज आणि मीठ न घातलेल्या कोंबडीचं पाणी चमच्याने भरवायच्या. सिरमनंतर आठपंधरा दिवसांनी ताप किंवा सांधेदुखी येऊ शकते असं बजावलं होतं. चिंगीला तसं काही झालं नाही. दिवाळीत फटाक्यांना घाबरून ती पलंगाखाली गेली, एरवीसारखीच.

खर्च सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. सिरमचे सव्वापाच हजार, दवाखाना, सलाइन आणि रात्रीची देखरेख मिळून चार हजार, रक्ततपासण्या चौदाशे, पुढची औषधं आणि ड्रेसिंग हजारभर. साधारण बारा हजार. तात्यांनी पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. 'कुत्र्यावर एवढे?' असं विचारणारेही भेटले. चार वर्षं आमच्या दारात रात्रीची जागी राहणारी ती आहे, आणि आमच्या घरात तिचा जीव पैशांत मोजत नाहीत, एवढंच मी त्यांना सांगितलं.

चिऱ्यांचा ढीग तसाच होता. सर्पमित्राला बोलावलं. कुणी ओळखीचा नसेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. त्याने लांब आकडीने एकेक चिरा सरकवला आणि खालून एक फुरसं निघालं, जेमतेम हातभर. वेटोळ्याच्या कडा एकमेकींवर घासून ते खरखर आवाज काढत होतं. चावलेलं तेच, असं कुणी सांगू शकत नाही, असं तो म्हणाला. बरणीत घालून त्याने ते सड्यावर लांब नेऊन सोडलं. ब्रिटिशांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसी मारण्यावर बक्षीस होतं, आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. कातळ त्यांचाही आहे, म्हणून आम्ही आमच्या बाजूने बदल केले. चिरे गडग्यापासून आणि घरापासून लांब, खाली फळ्या घालून रचले. लाकूडफाटा पडवीतून हलवला. चिंगीला तिन्हीसांजेनंतर मोकळं सोडत नाही, आणि तिचं उरलेलं अन्न रात्री बाहेर ठेवत नाही, कारण त्यावर उंदीर येतात.

आमच्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पावसाळ्यापासून भातकापणीपर्यंत तरी सिरमच्या काही कुप्या ठेवाव्यात, असा अर्ज वाडीतल्या तीसेक जणांच्या सह्यांनिशी दिला आहे. बैल-गाईंनाही पान लागतं, त्यामुळे सह्या पटापट मिळाल्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती जवळ ठेवा, पुढच्या विचारणीला तोच क्रमांक लागतो. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर बरं, असं तिथल्या लिपिकाने सांगितलं, तो पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. तोवर मी त्या कणकवलीच्या मेडिकलवाल्याला पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा सप्टेंबरअखेर फोन करते: किती कुप्या आहेत आणि एक्स्पायरी कधीची. तो न कंटाळता सांगतो, आणि मी आकडा वाडीच्या ग्रुपवर टाकते.